कॅक्टस उन्हात भाजला? आधी काय करायचं, नंतर काय, आणि काय अजिबात करायचं नाही

कॅक्टस म्हणजे वाळवंटातलं झाड, त्याला ऊन काय करणार, असं म्हणून लोक कुंडी उचलतात आणि थेट गच्चीवर नेऊन ठेवतात. मी पण तेच केलं होतं. गोल्डन बॅरल होता, चांगला फुटबॉलएवढा, आणलेला नर्सरीच्या शेडमधून, मग माझ्याकडे महिनाभर काचेच्या खिडकीमागे होता, आणि एक दिवस वाटलं की बिचाऱ्याला जरा खरं ऊन मिळू दे. तिसऱ्या दिवशी एका बाजूला तळहाताएवढा पांढरट पिवळा डाग. मला वाटलं बुरशी, म्हणून बुरशीनाशक मारलं. मग वाटलं तहानलाय, म्हणून पाणी घातलं. आणि मग कळस म्हणजे, सगळ्या बाजूंना सारखं ऊन मिळावं म्हणून कुंडी फिरवली. आठवड्यात दुसरी बाजू पण भाजली.

तेव्हापासून या विषयात जरा जास्तच शिरलो, त्यामुळे हा लेख लांब झालाय. घाई असेल तर डाग ओळखण्याचा भाग आणि पहिल्या दिवसाचं काम एवढं तरी वाचा.

आधी तो स्वतः काय करतो ते बघू

हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, त्यामुळे उडी मारू नका.

साध्या झाडाची पानं दिवसा रंध्रं उघडी ठेवतात, त्यातून पाण्याची वाफ जाते आणि पान थंड राहतं, म्हणजे एक प्रकारे घामच. कॅक्टसला ही चैन परवडत नाही. तो दिवसभर दारं बंद करून बसतो, रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड तेच वापरून अन्न बनवतो. पाणी वाचतं पण घाम येत नाही, म्हणून भर दुपारी त्याचं अंग हवेपेक्षा १०-१५ अंश जास्त तापू शकतं. एवढं तापूनही तो टिकतो कारण त्याच्याकडे संरक्षणाचे थर आहेत.

पहिला थर काट्यांचा. काटे फक्त जनावरांसाठी असतात असं आपण शाळेत शिकलो, पण दाट काटे म्हणजे अंगावर टाकलेली जाळीच असते. टेडी बेअर चोला बघा, काट्यांमुळे खोड दिसतच नाही. पार्क नोबेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात कॅक्टसच्या पृष्ठभागाच्या तापमानावर बरंच काम केलं, त्यात दिसलं की शेंड्यावरचे काटे आणि लोकर दिवसा शेंडा कमी तापू देतात आणि रात्री कमी गार होऊ देतात. शेंडा महत्त्वाचा, कारण वाढीचा कोंब तिथेच असतो. अँडीजच्या उंच भागातला एस्पोस्टोआ आणि मेक्सिकोचा ओल्ड मॅन कॅक्टस तर म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या पांढऱ्या केसांत गुंडाळलेले असतात, आणि पांढरा रंग ऊन परतवतो हे वेगळं सांगायला नको.

मग कंगोरे. सग्वारो म्हणजे ॲरिझोनातला उंच खांबासारखा कॅक्टस, त्याचं खोड घडीच्या पंख्यासारखं असतं, त्यामुळे कुठल्याही वेळी अर्ध्या घड्या दुसऱ्या अर्ध्यांच्या सावलीत असतात. पाणी मिळालं की घड्या उघडतात, सुकला की मिटतात.

त्यानंतर मेण. निळसर पांढरट कॅक्टस असतात ना, पिलोसोसेरियस वगैरे, त्यांचा तो निळा रंग म्हणजे हिरव्या सालीवरचा मेणाचा थर. बोटाने पुसला की जातो आणि जुन्या भागावर नीट परत येत नाही. म्हणून धूळ बसली म्हणून फडक्याने पुसायचा मोह आवरा, तुम्ही त्याचं सनस्क्रीन पुसताय.

आणि रंग. थंडीत किंवा कडक उन्हात बरेच कॅक्टस लालसर जांभळे होतात, लोक घाबरतात. हे बेटालेन नावाचं रंगद्रव्य, बीटाला लाल करणाऱ्या घराण्यातलंच. तो तयारी करतोय इतकाच त्याचा अर्थ, ताण कमी झाला की परत हिरवा होतो. याशिवाय डोळ्यांना न दिसणारी तयारी पण चालू असते, पेशींच्या आत जास्तीचा प्रकाश उष्णता म्हणून टाकून देणारी पिवळी रंगद्रव्यं वाढतात, उष्णतेत प्रथिनं बिघडू न देणारी खास प्रथिनं तयार होतात.

काही जण तर शरीराची दिशाच बदलतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात कोपियापोआ उत्तरेकडे कललेले असतात, म्हणजे तिथल्या सूर्याकडे. उलटं वाटतं ना? पण असं झुकलं की मेणाने आणि लोकरीने झाकलेला शेंडा सूर्यासमोर येतो आणि बाजूची साल बऱ्यापैकी वाचते. एरिओकार्पस वेगळीच युक्ती करतो, कोरड्या दिवसांत त्याची मुळं आकसतात आणि अख्खं झाड जमिनीत ओढलं जातं, वर फक्त दगडासारखं टोक.

आता मुद्दा हा की यातला बराचसा भाग जन्मतः तयार नसतो, उन्हात राहून हळूहळू बनतो. बाळ सग्वारो उघड्यावर जगतच नाही, तो पालो व्हर्दे किंवा मेस्क्वीटसारख्या झाडाच्या सावलीत वाढतो, पहिल्या ८ वर्षांत जेमतेम १ ते दीड इंच. तो सावलीतून डोकं वर काढेपर्यंत कित्येक वर्षं गेलेली असतात. आणि आपण नर्सरीतला लुसलुशीत कॅक्टस एका दुपारीत उन्हात उभा करतो.

काचेमागचा कॅक्टस तर अजूनच भोळा असतो, कारण साधी खिडकीची काच यूव्ही-बी किरणं, म्हणजे उन्हातली साल भाजणारी अतिनील किरणं, जवळजवळ सगळी अडवते. उजेड भरपूर दिसतो, पण खऱ्या उन्हाची त्याच्या सालीला ओळखच नसते.

डाग नक्की उन्हाचाच आहे का

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि चुकीच्या निदानाने भाजण्यापेक्षा जास्त नुकसान होतं, माझ्याकडे झालंच.

उन्हाचा डाग एकाच बाजूला असतो. जी बाजू दुपारी सूर्याकडे असते तिथे, किंवा वरून ऊन पडत असेल तर खांद्यावर म्हणजे शेंड्याच्या जरा खाली. सुरुवातीला रंग उडाल्यासारखा, पांढरट किंवा फिकट पिवळा, कारण प्रकाश झेपेनासा झाला की आतलं हरितद्रव्यच नष्ट होतं. मग काही दिवसांत तो भाग तपकिरी, कडक, कोरडा, बुचासारखा. कंगोऱ्याच्या सावलीतला खोलगट भाग हिरवा आणि बाहेरची धार भाजलेली असं दिसलं तर शंकाच नको. दाबून बघा, कडक लागतो. आणि डाग आहे तिथेच थांबतो, फार तर पहिल्या आठवड्यात कडा स्पष्ट होतात.

कुज वेगळी. ती मऊ असते, काळपट किंवा पाणीदार, दाबली की बोट आत जातं, वास येतो, आणि पसरते. बहुतेकदा बुडापासून सुरू होते. ही इमर्जन्सी आहे, यात सावलीत ठेवून वाट बघत बसायचं नाही, धारदार स्वच्छ सुरीने सगळा सडका भाग निरोगी भाग दिसेपर्यंत कापायचा.

लाल कोळी ही बारीक कीड असेल तर गंजासारखी बारीक तपकिरी खरखर दिसते, बऱ्याचदा शेंड्याजवळच्या कोवळ्या भागावर, आणि ती सगळ्या बाजूंना असते. पांढऱ्या कागदावर झाड हलकं झटका, ठिपके चालताना दिसले तर उत्तर मिळालं. खवले कीड नखाने खरवडली की निघते, उन्हाचा डाग निघत नाही. ओपन्शियावर, म्हणजे चपट्या फड्यांच्या निवडुंगावर, पांढरा कापूस दिसतोय आणि चिरडल्यावर लालभडक रंग निघतोय तर ती कोचिनील नावाची कीड.

आणि एक गोष्ट जी आजारच नाही, बुडाकडून वर चढणारी तपकिरी साल. सगळीकडून सारखी, हळूहळू, वर्षानुवर्षं. हे म्हातारपण, साल लाकडासारखी होतेय. याला औषध मारणारे लोक मी पाहिलेत (मी त्यातलाच एक).

पहिल्या दिवसाचं काम

डाग दिसला की कुंडी हलवा, पण अंधारात नको. लोक घाबरून थेट घराच्या कोपऱ्यात नेतात, मग तिथे तो उजेडाविना लांबट फिकट वाढायला लागतो आणि परत बाहेर काढला की ती नवी वाढ आधी भाजते. उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशी जागा हवी. किंवा सकाळी १०-११ पर्यंतचं कोवळं ऊन येतं आणि नंतर सावली, अशी. कुंडी मोठी आहे, हलत नाही, तर वर ५० टक्केचं शेडनेट (अर्धं ऊन अडवणारी जाळी) बांधा, झाडापासून थोडं वर, अंगाला चिकटवून नाही, हवा खेळली पाहिजे. नेट नसेल तर त्या दिवसापुरतं पांढरं सुती कापड चालतं. प्लास्टिकचा कागद टाकू नका, आत भट्टी होते.

कुंडी फिरवायची नाही. परत सांगतो, फिरवायची नाही. भाजलेल्या बाजूची साल आता जाड होणार आहे, तीच बाजू उन्हाकडे राहिली तर ती ढाल आहे. मागची बाजू कोवळी आहे. ॲरिझोनात मोठे सग्वारो एका जागेवरून दुसरीकडे लावतात तेव्हा आधी दक्षिणेच्या बाजूला खूण करून ठेवतात आणि नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला ठेवतात, याचसाठी. तुम्ही पण कुंडीवर पांढऱ्या पेंटने एक ठिपका द्या, काम संपलं.

पाणी लगेच घालायचं नाही. आधी माती बघा. काडी खुपसून बाहेर काढा, खालपर्यंत कोरडी असेल आणि झाड सुरकुतलेलं असेल तरच पाणी, तेही सूर्य मावळून कुंडी हाताला गार लागल्यावर. तापलेल्या कुंडीत पाणी म्हणजे मुळं उकडणं, शिवाय खूप उष्णतेत बरेच कॅक्टस वाढ थांबवून बसतात, तेव्हा ओली गरम माती कुजेला आमंत्रणच.

खत बंद. रिपॉटिंग बंद. डागावर काहीही लावायचं नाही, कोरफड नाही, हळद नाही, तेल नाही, माणसाचं सनस्क्रीन तर नाहीच (कोणीतरी विचारलं होतं मला, खरंच). तेलकट गोष्टी रंध्रं बुजवतात आणि ऊन लागलं की अजून तापतात. साल फुटून ओलं आत दिसत असेल, म्हणजे उघडी जखम असेल, तर गंधकाची पूड भुरभुरवा आणि ती जागा कोरडी ठेवा. साधा कोरडा डाग असेल तर हात लावायचा नाही, खरवडायचा पण नाही.

पाण्याच्या थेंबाने भिंगासारखं जळतं असं सगळे सांगतात, त्याबद्दल जाता जाता. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं, तर गुळगुळीत पानावरच्या थेंबाने पान जळत नाही असं निघालं, मेणचट केसांवर थेंब अधांतरी राहत असेल तरच ती शक्यता. त्यामुळे पावसाचे थेंब बघून पळापळ नको, पण लोकरवाल्या जातींवर दुपारी फवारा मारण्यात तसाही काही अर्थ नाही.

मग तो बरा कसा होतो

खरं सांगायचं तर आपण बरं होणं म्हणतो तसा तो बरा होतच नाही. आपली कातडी सोलते आणि खालून नवी येते, कॅक्टसचं तसं नाही. मेलेली साल परत हिरवी होणार नाही, आज नाही, पाच वर्षांनी नाही. तो काय करतो, तर मेलेल्या भागाच्या खालच्या जिवंत पेशी परत विभागायला लागतात आणि बुचाचा एक थर बांधतात, ज्यातून पाणी बाहेर जात नाही आणि बुरशी आत येत नाही. म्हणजे खोली जळाली तर खोली दुरुस्त न करता दार कायमचं विटांनी चिणून टाकायचं.

हे तो किती जबरदस्त करू शकतो त्याचा नमुना सग्वारोतच आहे. गिला नावाचा सुतार पक्षी खोडात घरट्यासाठी भोक पाडतो, सग्वारो त्या पोकळीच्या आतून चहूबाजूंनी कडक कवच तयार करतो, पक्षी लगेच राहायला येत नाही, आतली भिंत वाळेपर्यंत काही महिने थांबतो. सग्वारो मेला, सगळा गर कुजून गेला तरी ते बुटाच्या आकाराचं कवच तसंच पडलेलं सापडतं, तिथले मूळ रहिवासी त्याचा भांड्यासारखा वापर करायचे.

तुमच्या कुंडीतल्या डागाला हे काम करायला काही आठवडे लागतात. तेवढे आठवडे तुमचं काम एकच, आठवड्यातून एकदा त्याच जागेवरून फोटो काढा आणि कडा सरकतेय का ते बघा. कडक आणि स्थिर, छान. मऊ पडतोय किंवा काळा होऊन पसरतोय, तर मेलेल्या सालीतून बुरशी आत शिरली असं समजा आणि वर सांगितलं तसं कापा. फोटो काढायला सांगतोय कारण रोज बघून आपल्याला काहीच कळत नाही, रोज वाटतं वाढलाच.

शेंडाच भाजला असेल तर जरा गंभीर. वाढीचा कोंब मेला तर ते खोड उंच होणं थांबलं. पण काटे जिथून येतात तो प्रत्येक गादीसारखा ठिपका, एरिओल, हा मुळात एक झोपलेला कोंब असतो. वरचा कोंब गेला की यातले एक-दोन जागे होतात आणि बाजूने पिल्लं येतात. कधी काही महिन्यांत, कधी पुढच्या वाढीच्या मोसमात. टाकून देऊ नका. अर्ध्याहून जास्त अंग भाजलंय तर मात्र अन्न बनवायला हिरवा भागच कमी उरतो, वाढ फार मंदावते, तिथे मी वरचा निरोगी तुकडा कापून, जखम एक-दोन आठवडे सावलीत वाळवून, नवीन मुळं धरायला लावतो.

परत उन्हात न्यायचा कसा

हीच पद्धत नव्या आणलेल्या कॅक्टसला पण लागू. आधी ४-५ दिवस उजेडी सावली. मग सकाळचं एक तास ऊन. दर ३-४ दिवसांनी अर्धा ते एक तास वाढवत जा. साधारण ३ आठवड्यांनी तो सकाळचं पूर्ण ऊन घेऊ शकतो. दुपारी १२ ते ४ चं ऊन सगळ्यात शेवटी, ते पण आधी ५० टक्के शेडनेटखाली, मग ३० टक्के, मग उघडं, आणि उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात नेट परत लावलंत तर काही कमीपणा नाही. मधेच रंग लालसर झाला तर तिथेच आठवडाभर थांबा, रंग उडायला लागला, पांढरट झाला तर दोन पायऱ्या मागे या.

ही सवय एकदा लागली की कायमची नसते. दोन-तीन आठवडे सलग ढगाळ गेले आणि मग एकदम कडक ऊन पडलं तर जुना सवयीचा कॅक्टस पण भाजू शकतो, माझे सगळ्यात जास्त डाग अशाच आठवड्यात पडलेत, कारण तेव्हा आपण बेसावध असतो. रिपॉट केल्यावर मुळं बसेपर्यंत १०-१५ दिवस सावली द्या.

आणि कॅक्टस म्हटलं की फुल सन असं नसतं. ख्रिसमस कॅक्टस, रिप्सालिस, एपिफायलम ही जंगलात झाडांवर वाढणारी मंडळी, त्यांना थेट दुपारचं ऊन कधीच नको. जिम्नोकॅलिशियमच्या बऱ्याच जाती झुडपांच्या आडोशाला वाढतात. लाल-पिवळ्या टोपीचे ग्राफ्टेड मून कॅक्टस असतात त्यांच्या टोपीत हरितद्रव्यच नसतं, ती पटकन भाजते. रोपं पहिलं वर्षभर गाळलेल्या उजेडातच. जितके काटे दाट, लोकर जास्त, साल निळसर, तितकं ऊन जास्त झेपेल, आणि जितका गुळगुळीत हिरवा तितका जपून, हा माझा ढोबळ अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

कुंडीकडे पण बघा. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात एवढी तापते की वरचं झाड ठीक आणि मुळं मेलेली असा प्रकार होतो. फिकट रंगाची किंवा मातीची कुंडी घ्या, नाहीतर काळी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत खडी भरा. सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर थेट न ठेवता खाली दोन विटा. मागे पांढरी भिंत असेल तर ती भिंत ऊन परत फेकते, म्हणजे सावलीची बाजू पण सुटत नाही, तिथे वारा नसेल तर तिथून हलवाच.

रात्र पण विसरू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेलं आणि कितीतरी रात्री ३२ च्या खाली उतरलंच नाही. तिथल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सग्वारोंचे हात गळून पडले, काही अख्खे कोसळले. वाळवंटातच जन्मलेली झाडं ती, पण रात्र गार झाली नाही की रंध्रं नीट उघडता येत नाहीत, श्वासही नाही आणि थंडावाही नाही. त्यामुळे उष्णतेची लाट असताना कुंड्या रात्री वारा येईल अशा मोकळ्या जागी ठेवणं दुपारच्या सावलीइतकंच कामाचं आहे.

तो गोल्डन बॅरल अजून आहे. दोन्ही बाजूंचे डाग जसेच्या तसे, पण वाढ वरून होत असल्यामुळे दरवर्षी थोडे थोडे खाली सरकलेत, आता बुडाची नैसर्गिक तपकिरी साल वर चढत चढत त्यांना येऊन मिळालीय आणि नवीन बघणाऱ्याला डाग कुठला आणि वय कुठलं ते सांगावं लागतं. कुंडीवरचा पांढरा ठिपका दोनदा परत रंगवला.